घरापुरतं जगप्रसिद्ध

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास घरच्या संगणकाने स्वतःचं नाव काय, असं विचारलं आणि भाऊजी खुर्चीत ताठ बसले. हा तर त्यांचा प्रांत होता. गेली सव्वीस वर्षं ते जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनमागे बसत होते, आणि शहरातल्या निम्म्या शाळकरी मुलांची नावं त्यांच्याच अक्षरात जगात आली होती. त्यांना भाऊजी म्हणणारी खरं तर एकटी मेहुणी. पण तिचा आवाज असा खणखणीत, की ऐकून ऐकून शेजारीपाजारी, पेपरवाला आणि शेवटी कार्यालयातला शिपाईसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणू लागला होता.

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "हा दोन नावं मागतोय. एक होस्ट नेम आणि एक डोमेन नेम."

बायको ओले हात पुसत आली. "दोन कशाला?"

भाऊजींनी मांडीवरच्या जाडजूड मार्गदर्शिकेत बोट घातलं. "होस्ट म्हणजे हा स्वतः. डोमेन म्हणजे त्याचं घराणं. आपलं नाव-आडनाव असतं ना, तसंच."

"टेबलावर बसलेल्या डब्याला घराणं?"

"घराण्याशिवाय जगात ओळख नसते," भाऊजी म्हणाले आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

हा सगळा खटाटोप धाकटीसाठी होता. धाकटी म्हणजे ती खणखणीत आवाजाची मेहुणी. बुटांच्या कारखान्यातली बारा वर्षांची नोकरी तिने दीड महिन्यापूर्वी सोडली होती आणि एक खोली भाड्याने घेऊन दुखऱ्या पायांसाठी बूट शिवायला सुरुवात केली होती. कुणाची टाच दुखते, कुणाचा अंगठा वाकडा, कुणाचा एक पाय आखूड. अशा माणसांना दुकानातले बूट चालत नाहीत, आणि धाकटीचा हात त्या कामात फार चांगला. खोलीचा करार तीन महिन्यांचा होता. तेवढ्यात गिऱ्हाईक जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहायचं. "वेबसाइटचं माझ्यावर सोड," असं भाऊजी भर जेवणात, सगळ्यांच्या देखत बोलून बसले होते.

तेव्हा भाऊजींनी डोमेनच्या चौकटीत धाकटीच्या नव्या धंद्याचं नाव लिहिलं. हलकंपाऊल डॉट कॉम. एकेक अक्षर दाबून, दोनदा वाचून, जन्मदाखला लिहावा तसं. मग मार्गदर्शिकेतलं आठवं प्रकरण समोर ठेवून त्यांनी पान तयार केलं. वर बुटांचे फोटो, मध्ये धाकटीची माहिती, खाली ऑर्डर नोंदवण्याचा तक्ता. नववं प्रकरण उघडलं तर त्याचं शीर्षक होतं, 'नावाची नोंदणी'. भाऊजींना हसू आलं.

"आता नोंदणी कशी करायची ते हे मला शिकवणार!" असं म्हणून त्यांनी ती अठरा पानं एकदम उलटली.

दुपारी त्यांनी त्याच संगणकावर तो पत्ता टाइप केला आणि बटण दाबलं. पान झटकन उघडलं. बूट दिसले, धाकटी दिसली, तक्ता दिसला. भाऊजी उठून उभे राहिले.

धाकटी तासाभरात आली. पडद्यावर स्वतःचे बूट बघून तिचे डोळे भरून आले. "भाऊजी, हे आता कुठूनही दिसणार?"

"कुठूनही."

"म्हणजे अगदी समुद्रापलीकडून?"

"समुद्रापलीकडे काय पाय दुखत नाहीत का लोकांचे?" भाऊजी म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस छळणार होतं.

त्याच बैठकीत कार्ड आणि पाटी ठरली. कार्डावर पत्ता मोठ्या अक्षरांत, पाटीवर त्याहून मोठ्या. धाकटीला फोन नंबरही तेवढाच मोठा हवा होता, पण भाऊजींनी मान हलवली. "खाली कोपऱ्यात बारीक टाक. हल्ली फोन कोण करतं?" धाकटीने ऐकलं. भाऊजींचं सगळेच ऐकत असत.

पहिली कुरकुर मंगळवारी आली. भाऊजींच्या थोरल्या भावाने फोन करून सांगितलं, "अरे, तो पत्ता उघडत नाही."

"दादा, तुमचं नेट मंद असेल."

"बाकी सगळं उघडतंय."

"नवीन आहे ना. सगळीकडे पोचायला वेळ लागतो," भाऊजी म्हणाले. असं काहीतरी त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "एवढी घाई असेल तर घरी या, दाखवतो."

दादा घरी आले. पान उघडलं. दादा चकित होऊन परत गेले. मग मावससासूबाई आल्या, समोरचे निवृत्त ड्रायव्हर आले, इस्त्रीवाला उभ्या उभ्या बघून गेला. आपापल्या घरी कुणालाच पान दिसत नव्हतं आणि भाऊजींच्या घरी प्रत्येकाला दिसत होतं. त्यावरून सर्वांनी एकच निष्कर्ष काढला, की भाऊजींचा संगणक फार चांगला आहे. भाऊजींनाही तो पटला.

बायको मात्र चहाचे कप विसळता विसळता म्हणाली, "ज्याला बघायचं तो इथे येतो. मग ही वेबसाइट कसली? ही तर आपली बैठकीची खोली."

"तुला त्यातलं कळत नाही," भाऊजी म्हणाले. तिने एक कप जरा जोरात पालथा ठेवला.

पुढच्या सोमवारी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनसमोर एक तरुण बाप उभा होता. मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि नावाची नोंद राहून गेली होती. एक कागद कमी होता.

"साहेब, घरी सगळे तिला याच नावाने हाक मारतात हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ती ओ पण देते."

"घरी काय वाटेल ते म्हणा," भाऊजींनी नेहमीचं वाक्य फेकलं. ते सव्वीस वर्षांत गुळगुळीत झालं होतं. "इथे नोंद नाही, तर जगाच्या लेखी तुमच्या मुलीला नावच नाही. पुढचे या."

जेवणाच्या सुट्टीत ते संगणक विभागातल्या बाईंच्या टेबलाशी गेले. या बाई अख्ख्या इमारतीची यंत्रं सांभाळायच्या आणि चपला काढून टेबलाखाली पाय चोळत बसायच्या. भाऊजींनी ऐटीत कार्ड पुढे केलं. "मेहुणीचा बुटांचा धंदा. वेबसाइट मी केलीय. बघा तरी."

बाईंनी पत्ता टाइप केला. काही नाही. पुन्हा केला. मग आणखी काहीतरी खटाखट टाइप करून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"साहेब, हे नाव कुठे नोंदवलंत?"

"मीच नोंदवलं. माझ्या हाताने."

"हो, पण कुठे?"

"घरच्या संगणकात. तो विचारतो ना, होस्ट नेम, डोमेन नेम."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "साहेब, ते तुम्ही घरच्या यंत्राला सांगितलंत, की तुझं नाव हे. त्याने ऐकलं. म्हणून त्याला विचारलं की तो ओ देतो. पण जगाला कुणी सांगितलंच नाही. त्यासाठी नावाची वेगळी नोंदणी असते, तिचं रजिस्टर वेगळं असतं. तिथे हे नाव नाहीये."

"पण घरी तर सगळ्यांना..."

"घरी दिसणारच."

भाऊजींच्या डोळ्यांपुढे तो तरुण बाप उभा राहिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे जर एखाद्या वाण्याने, न्हाव्याने, मास्तराने केलं असतं तर समजू शकलं असतं. पण सव्वीस वर्षं नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या माणसाने घरच्या घरी नाव ठेवावं आणि ते जगाने मानलं असं समजावं! आणि कार्डं वाटून झालेली. पाटी भिंतीला ठोकून झालेली. करारातला सव्वा महिना उरलेला.

"फार अवघड नाहीये," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम. मी करून देते."

"नको," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "आधी मला तिला सांगावं लागेल."

कार्ड टेबलावरच राहिलं. ते उचलण्याचंही त्यांना सुचलं नाही.

सांगायला धीर गोळा करण्यात दोन दिवस गेले. बुधवारी कार्यालय सुटल्यावर ते धाकटीच्या खोलीवर गेले. दाराशीच ती पाटी होती. एवढी मोठी अक्षरं आपण का सुचवली, असं त्यांना झालं. आत कातड्याचा आणि खळीचा वास भरला होता. फळीवर लाकडी साचे ओळीने मांडलेले, खाली सात-आठ अर्धवट शिवलेले बूट. नमुने असतील, असं भाऊजींना वाटलं.

ते बसतात न बसतात तोच फोन वाजला. "हो ना, उघडत नाहीये," धाकटी म्हणाली. "माहितेय मला. बरेच जण म्हणतात तसं." मग ती फोन घेऊन आतल्या बाजूला गेली आणि भाऊजी स्टुलावर आणखी आखडून बसले. तो संपतो न संपतो तोच पुन्हा फोन. पुन्हा तेच. प्रत्येक 'उघडत नाहीये' त्यांच्या छातीत टोचत होतं.

धाकटी परत आली, समोर बसली आणि त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "भाऊजी, साइटवर अजून एकही ऑर्डर नाही. काही अडचण आहे का? असली तर सांगा मोकळेपणी."

याहून चांगली संधी कुणाला मिळत नाही. भाऊजींनी तोंड उघडलं. "अडचण... अडचण तशी काही नाही," ते म्हणाले. जीभच रेटेना. "येईल. एक-दोन दिवसांत नक्की येईल."

"नक्की?"

"नक्की."

आता आपणच नक्की म्हटल्यावर ऑर्डर यायला हवी होती, आणि ती येण्याचं जगात एकच ठिकाण होतं. गुरुवारी सकाळी बायको दळण आणायला गेली तशी भाऊजींनी संगणकावर तक्ता उघडला. नावाच्या रकान्यात ते अडले. सव्वीस वर्षांत हजारो नावं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण खोटं नाव लिहायला हात धजेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'एक गृहस्थ'. पेशा, 'बैठं काम'. तक्रार, 'चालताना अवघडल्यासारखं होतं'. ती मात्र अगदी खरी होती. तक्त्यात पायाच्या आकाराचा कागद जोडायला सांगितलं होतं. भाऊजींनी रद्दीतल्या एका फॉर्मची पाठ जमिनीवर ठेवली, विजार वर केली, त्यावर उभे राहिले आणि वाकून आपल्याच पावलाभोवती पेन्सिल फिरवू लागले.

"काय चाललंय?" दारात पिठाचा डबा घेऊन बायको उभी होती.

भाऊजी एका पायावर तसेच वाकून राहिले. "व्यायाम."

"पेन्सिलीने?"

भाऊजींनी पेन्सिल कानामागे खोचली. बायको कागदाकडे बघून, काही न बोलता आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतकी गप्प कधीच राहिली नव्हती, हे खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी ऑर्डरीचा छापील कागद पावलाच्या आकृतीसकट धाकटीला नेऊन दिला. तिने तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. "या गृहस्थांना एकदा येता येईल का? पायात घालून बघितलेलं बरं."

"ते परगावी असतात."

"समुद्रापलीकडे?"

"साधारण... तिकडेच."

"बरं," धाकटी म्हणाली आणि साचे ठेवलेल्या फळीकडे वळली. त्यामुळे तिचा चेहरा भाऊजींना दिसला नाही.

पुढचे दहा दिवस भाऊजींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. इस्त्रीवाल्याने "साइट कशी आहे?" म्हणून विचारलं तरी ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. आपल्या शब्दावर विसंबून एका बाईने नोकरी सोडल्यावरचे मोलाचे दिवस घालवले, आणि आता ती एका नसलेल्या गृहस्थासाठी कातडं कापत बसली आहे, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. कार्यालयात त्या तरुण बापाचं नाव-गाव ते रजिस्टरात शोधत बसले, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी धाकटी खोकं घेऊन घरी आली. "भाऊजी, तुमच्या गृहस्थांचे बूट झाले. बसा इथे."

"मी कशाला? मी पाठवतो ना त्यांना."

"बसा हो. पाय पुढे करा."

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्यांनी पाय पुढे केला. बूट असा बसला, की घातलाय हेच कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या पायाची करंगळी कुठे घासत नव्हती.

"डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली," धाकटी शांतपणे म्हणाली. "टाच बाहेरच्या बाजूने झिजणारी. भाऊजी, तुमच्या ऑफिसच्या चपला गेली आठ वर्षं मी दुरुस्त करतेय. तुमचा पाय मी अंधारात ओळखीन."

मग सगळंच बाहेर आलं. दोन चौकटी, नाव-आडनाव, उलटलेलं नववं प्रकरण, बाईंचं टेबल, विजार वर करून उभं राहणं. "मला लाज वाटते गं," ते बुटाकडे बघत म्हणाले. "कालच्या पोरांना समजतं ते मला समजलं नाही, याची नाही वाटत एवढी. समजल्यावरही तुला सांगितलं नाही, त्याची वाटते. तुझे मोलाचे दिवस वाया घालवले मी."

धाकटीने खोकं बाजूला सारलं. मग धाकटी फिस्सकन हसली. पाठोपाठ बायको हसली. दोघी बहिणी हसायला लागल्या की लवकर थांबत नसत.

"अहो भाऊजी, मला केव्हाच माहितेय! तुमच्या ऑफिसातल्या बाईंनीच सांगितलं. तुम्ही कार्ड विसरून आलात ना, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. टाच दुखते म्हणून. त्यांचे बूट झालेसुद्धा."

"फोन?"

"तो कोपऱ्यातला बारीक नंबर हो! रोज पाच-सहा फोन येतात. 'बाई, तुमची वेबसाइट उघडत नाहीये.' मी म्हणते, उघडेल हो, पण तुमचा पाय कसा आहे? झालं, मग माणूस वीस मिनिटं बोलतो. कुणाच्या पायाची कुणी एवढी चौकशी केलेली नसते. आणि मग येतात सगळे माप द्यायला. साइटवर नुसतं बघून गेले असते. पुढच्या दोन महिन्यांचं काम आहे हातात. करार वाढवला मी."

"आणि ते नमुने?"

"कसले नमुने? ती गिऱ्हाइकं होती!"

"मग मला म्हणालीस ना, एकही ऑर्डर नाही म्हणून!"

"साइटवर नाही म्हणाले. खोटं कुठे बोलले? तुम्हाला सांगायला सोपं जावं म्हणून तर विचारलं. तुम्ही आपले गृहस्थ घेऊन आलात." तिने ताईकडे बघितलं. "मी म्हटलं होतं आठवडाभरात सांगतील."

"मी म्हटलं होतं, बूट पायात घातल्याशिवाय सांगायचे नाहीत," बायको म्हणाली. "पेन्सिल बघितली तेव्हाच."

भाऊजी नवे बूट घालून तसेच बसून राहिले. ओरडा मिळाला असता तर बरं वाटलं असतं. या हसण्यापुढे ते तोंड कुठे लपवणार!

सोमवारी खिडकी उघडण्याआधी त्यांनी त्या तरुण बापाला स्वतः फोन करून बोलावलं आणि कमी पडलेला कागद कसा मिळवायचा ते शेजारी बसवून सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ते बाईंच्या टेबलाशी गेले. आधी नववं प्रकरण पेन्सिलीने खुणा करत वाचलं, मग बाईंच्या मदतीने नाव खऱ्या रजिस्टरात चढवलं आणि पानाची एक प्रत बाहेरच्या, भाड्याच्या यंत्रावर ठेवली. गुरुवारपासून हलकंपाऊल डॉट कॉम दादांच्या घरी उघडलं, इस्त्रीवाल्याच्या मोबाइलवर उघडलं, आणि म्हणे समुद्रापलीकडेही उघडलं. भाऊजींनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

पुढच्या बुधवारी धाकटीचा फोन आला. नेहमीचा खणखणीत आवाज जरा पडला होता. "भाऊजी, एक विचारू का? रागावू नका. आठवडा झाला, फोन वाजलेला नाही. लोक साइट बघतात, छान म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. ते पहिल्यासारखं नाही का करता येणार?"

"म्हणजे नोंद रद्द?" भाऊजींनी विचारलं. केलेली नोंद रद्द करायची म्हणजे सव्वीस वर्षांच्या नोकरीला बट्टा. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. नोंद तशीच ठेवली. जगाला दिसणारं पान तेवढं पुसून टाकलं आणि त्या जागी स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहिली: 'ही वेबसाइट सध्या उघडत नाही. कृपया फोन करा.' खाली नंबर. एवढ्या मोठ्या अक्षरांत, की चष्मा नसला तरी वाचता यावा.

दुपारी धाकटीचा फोन लागेना, इतका तो वाजत होता.

घरच्या संगणकाचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. तिथे पत्ता टाकला की अजूनही ते जुनंच पान उघडतं, बूट आणि धाकटी आणि तक्त्यासकट. दादा परवा आले होते, ते बघून म्हणाले, "काय रे हे! बाहेर कुठेही बघावं तर बंद म्हणून सांगतंय, आणि तुझ्याकडे चालू. तुझा संगणक खरंच फार चांगला आहे."

भाऊजींनी आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "चहा टाक," ते हळूच म्हणाले.